रंगाचा शेजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून रंगांविषयी बोलायचं म्हणजे टेलिफोनवरून फोडणीचा वास पोचवण्यासारखं आहे. पण आपल्या मराठीने ही अडचण फार पूर्वीच सोडवून ठेवली आहे. आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, गुलबक्षी, श्रीखंडी, अंजिरी... नुसतं नाव घेतलं तरी रंग डोळ्यांसमोर उभा राहतो. या नावांच्या भरवशावर आज आपण एका रोजच्याच प्रश्नाकडे बघणार आहोत. अंगावरच्या कपड्याचा रंग आणि आपला स्वतःचा रंग यांचं एकमेकांशी जमवायचं कसं? आणि आपला रंग म्हणजे नुसता कातडीचा नव्हे बरं का! केस, भुवया, डोळे, ओठ या सगळ्यांचा मिळून चेहऱ्याचा रंग होतो.

लग्नसराईत कोणत्याही साडीच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘हिला जरा उजळ दिसेल असं काहीतरी दाखवा.’ दुकानदार मुलीकडे एक नजर टाकतो आणि फिकट गुलाबी, बदामी, मोतिया अशा साड्यांचा ढीग समोर टाकतो. मुलीचा हात मात्र मघापासून मोरपंखी साडीवर असतो. ‘ती नको गं, तुझ्या रंगाला खुलणार नाही,’ असं आई, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो.

या संवादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. कोणता रंग शोभतो हा एक प्रश्न. कोणत्या रंगात आपण गोरे दिसू हा दुसरा प्रश्न. आपण पहिला विचारतोय असं आपल्याला वाटतं, पण उत्तर दुसऱ्याचं शोधत असतो. त्यातली गंमत अशी, की त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा आपण बऱ्याचदा चुकीचं काढतो.

ते कसं, हे समजण्यासाठी थोडं पॅरिसला जावं लागेल. तिथे गोबलँ नावाचा गालिचे आणि भिंतीवरचे चित्रपट विणण्याचा जुना कारखाना आहे. १८२४ साली मिशेल शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. त्याच्याकडे तक्रार आली, की काही कापडांतला काळा रंग हवा तसा काळा दिसत नाही, फिका वाटतो. शेव्रलने काळं सूत तपासलं. रंग पक्का होता, इतर ठिकाणच्या सुताइतकाच काळा होता. मग दोष कुठे होता? दोष होता शेजारात. त्या काळ्या धाग्यांच्या बाजूला निळे-जांभळे धागे विणलेले होते आणि त्यांच्या सान्निध्यात काळा रंग दुबळा दिसत होता.

या एका तक्रारीतून शेव्रलने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचं सार साध्या शब्दांत सांगता येईल. दोन रंग शेजारी आले, की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. गडद रंगाशेजारी फिका रंग आणखी फिका दिसतो. फिक्याशेजारी गडद आणखी गडद दिसतो. हिरव्याच्या शेजारी असलेल्या रंगात तांबूसपणा वाढल्यासारखा वाटतो, तर लाल-गुलाबीच्या शेजारी असलेला रंग किंचित हिरवट वाटू लागतो. कपडे आणि चेहरा यांविषयीही शेव्रलने याच ग्रंथात लिहिलं आहे. चेहऱ्यावर गुलाबी छटा कमी असेल तर फिकट हिरवा घाला, ती छटा वाढलेली दिसेल. आणि गाल मुळातच गुलाबी असतील तर गुलाबी कापड चेहऱ्याला लगटून घालू नका, गालांची टवटवी जाईल, असं त्याचं सांगणं होतं. स्वतः शेव्रल १०२ वर्षं जगला, पण त्याचा हा शेजाराचा नियम काही आपल्या साडीच्या दुकानांपर्यंत पोचला नाही.

आता हा नियम घेऊन पुन्हा आपल्या मुलीकडे येऊ. तिचा रंग सावळा, त्यात थोडी पिवळसर झाक. ती उजळ दिसावी म्हणून आपण तिला फिकट गुलाबी साडी नेसवली. काय झालं? साडी फिकट, म्हणून शेजारचा चेहरा अधिक गडद दिसला. साडी गुलाबी, म्हणून चेहऱ्यावर हिरवट, म्लान छटा आल्यासारखी वाटली. म्हणजे ज्यासाठी एवढा अट्टाहास केला त्याच्या नेमकं उलट झालं. आणि ती मोरपंखी साडी? निळ्या-हिरव्या गडद रंगाशेजारी चेहऱ्यातला तांबूस उबदारपणा वर आला असता. मुलीचा हात योग्य जागी होता.

‘काळ्या माणसाने काळं घालू नये’ हा आपल्याकडचा आणखी एक लाडका नियम. शेव्रलच्या हिशेबाने बघा. काळ्या कापडाशेजारी कोणतीही त्वचा आहे त्याहून उजळच दिसते. म्हणजे ज्यांना उजळ दिसण्याची हौस आहे, त्यांच्या दृष्टीनेसुद्धा हा नियम उलटा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी मात्र संक्रांतीला तो गुंडाळून ठेवला होता. नव्या नवरीला काळी चंद्रकळा आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. सून गोरी असो की सावळी, प्रत्येकीला तोच साज. थंडीत काळा रंग ऊब धरतो हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. पण त्या साजात कोणतीही मुलगी देखणी दिसते, हे आपण सगळ्यांनी घरोघरच्या फोटोंत पाहिलेलं आहे.

पांढऱ्याचंही तसंच. पांढऱ्याशेजारी सावळा चेहरा अधिक सावळा दिसतो हे खरं आहे. पण अधिक सावळा म्हणजे वाईट, हे कुणी ठरवलं? आपल्या देशावरचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. उन्हाने रापलेला चेहरा, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. ‘हे पांढरं तुम्हाला शोभत नाही हो’ असं त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही, कारण ते उत्तम शोभतं. चेहऱ्याची रेघ न् रेघ ठसठशीत दिसते. शिवाय सावळ्या चेहऱ्यावर डोळ्यांतलं आणि दातांचं पांढरं मुळातच उठून दिसत असतं. पांढरा कपडा त्यालाच साथ देतो.

आणि पिवळा? सावळ्या मुलीला पिवळं नेसवू नये म्हणणाऱ्यांनी एकदा पंढरपुरातल्या सावळ्याचं रूप आठवावं. काळ्या पाषाणाची मूर्ती, तिला पिवळाधमक पितांबर, गळ्यात हिरवी तुळशीमाळ, कपाळी गंध. शतकानुशतकं लाखो माणसं हे रूप डोळे भरून पाहण्यासाठी पायी चालत जातात. सावळ्या रंगाला पिवळा खुलतो हे आपल्या डोळ्यांना इतकं पक्कं ठाऊक आहे, की देवाच्या बाबतीत आपण ते विचारतही नाही. मग आपल्याच घरातल्या मुलीशी आपण वेगळा न्याय का करतो?

आता कुणी म्हणेल, म्हणजे कुणीही काहीही घालावं का? तसंही नाही. प्रत्येक चेहऱ्याला स्वतःची एक झाक असते. आपल्या त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो. त्यात खालून दिसणाऱ्या रक्ताचा तांबूसपणा मिसळतो आणि थोडा पिवळेपणा देणारी द्रव्यंही असतात. त्यांचं प्रमाण माणसागणिक वेगळं. म्हणून दोन सावळ्या बहिणी शेजारी बसल्या तर एकीचा सावळेपणा मधासारखा सोनेरी असतो, दुसरीचा जांभळाच्या सालीसारखा किंचित निळसर. दोघी गोऱ्या असल्या तर एक केतकीसारखी पिवळसर, दुसरी तांबूस गोरी. ‘गोरी’ आणि ‘काळी’ हे दोन शब्द या बारकाव्यापुढे फारच थिटे आहेत. आपल्याकडे गव्हाळ, निमगोरी, केतकी, काळीसावळी असे शब्द आहेत, पण ते आपण बहुतेक स्थळ बघतानाच वापरतो, साडी घेताना वापरत नाही!

पाश्चात्त्य देशांत या झाकेवरून माणसांचे गट पाडण्याची एक पद्धत फार लोकप्रिय झाली. कॅरोल जॅक्सन या अमेरिकन बाईंचं १९८० सालचं पुस्तक त्याला कारण. त्यात माणसांची विभागणी चार ऋतूंत केली होती: वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा. सोनेरी केस आणि निळे डोळे असतील तर एक ऋतू, तांबूस केस आणि ठिपक्यांची त्वचा असेल तर दुसरा. आजही इंटरनेटवर ‘तुमचा ऋतू कोणता’ हे सांगणारे पुष्कळजण भेटतात आणि त्यासाठी चांगले पैसेही घेतात. पद्धत टाकाऊ नाही, पण ती मुळात अशा समाजासाठी बेतलेली आहे, जिथे केस आणि डोळे दहा रंगांचे असतात. आपले केस काळे, डोळे काळे किंवा तपकिरी. त्यामुळे त्या जुन्या मांडणीत आपण बहुतेकजण एका ‘हिवाळ्यात’ जाऊन पडतो. जिथे केतकीपासून काळ्यासावळ्यापर्यंत सगळ्यांना एकच यादी मिळते, त्या यादीचा उपयोग तो किती?

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, यावरून झाक ओळखायची युक्तीही तिकडचीच. सावळ्या त्वचेत शिरा नीट दिसतच नाहीत, त्यामुळे ती इथे फारशी चालत नाही. आपल्याला आपली परीक्षा हवी. ती घरच्या घरी, बिनपैशात होते.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीजवळ आरसा ठेवा. ऊन थेट अंगावर नको, पण उजेड भरपूर हवा. चेहरा स्वच्छ धुतलेला, पावडर किंवा क्रीम काही नाही, केस मागे बांधलेले. अंगात शक्यतो साधा पांढरा किंवा राखाडी कपडा. आता घरातल्या ओढण्या, ब्लाउजपीस, पंचे, उपरणी, जे असेल ते जमा करा. एकेक कापड हनुवटीखाली धरा आणि बघा. मात्र कापडाकडे नाही, चेहऱ्याकडे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं वाढलेली दिसतात की कमी झालेली? ओठांचा रंग जिवंत वाटतो की पुसल्यासारखा? हनुवटीची कड स्पष्ट दिसते की कापडात विरघळते? समोर बसलेल्या माणसाला विचारा, आधी काय दिसलं, तू की कापड? आधी कापड दिसलं, तर तो रंग तुम्ही घातलेला नाही, त्यानेच तुम्हाला घातलंय!

या परीक्षेत एकाच रंगाच्या दोन जाती जोडीने पाहाव्यात. लिंबाचा पिवळा आणि हळदीचा पिवळा. राणी आणि विटकरी. शुभ्र पांढरा आणि मोतिया. आकाशी आणि मोरपंखी. एका जोडीतला एक रंग बहुधा दुसऱ्याहून सरस ठरतो. ज्यांना हळदी, विटकरी, मोतिया जमतात त्यांची झाक सोनेरी. ज्यांना राणी, शुभ्र पांढरा आणि जांभळा जमतो त्यांची झाक निळसर-तांबूस. दोन्हीकडचं थोडं थोडं जमणारेही पुष्कळ असतात. पाच-सहा जोड्या पाहून झाल्या, की ‘मला पिवळा शोभत नाही’ असं मोघम वाक्य आपण म्हणणार नाही. ‘मला लिंबू नाही शोभत, पण हळदी शोभतो’ असं म्हणू. एक अख्खा रंग आपल्याला परत मिळाला की नाही?

दुसरी गोष्ट उजेडाची. दुकानात जरीवर पिवळे दिवे सोडलेले असतात. त्या प्रकाशात लाल-पिवळे रंग फुलतात आणि निळे मलूल होतात. ट्यूबलाइटखाली तीच साडी वेगळी दिसते. एका उजेडात तंतोतंत जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात चक्क वेगळे दिसू शकतात. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेणाऱ्या बायका साडी आणि कापड घेऊन रस्त्याच्या दारापाशी येतात, ते उगाच नव्हे. त्यांना हे शास्त्र अनुभवाने ठाऊक असतं. माझं म्हणणं एवढंच, की दारापाशी जाताना ब्लाउजपीसबरोबर आपला चेहराही घेऊन जावा आणि आरसाही मागून घ्यावा. आणि कपडा रात्रीच्या समारंभासाठी असेल, तर दिव्याखालीही एकदा पाहून घ्यावा.

तिसरी गोष्ट जागेची. शेजार महत्त्वाचा म्हटलं, पण चेहऱ्याचा सख्खा शेजारी कोण? ब्लाउजचा गळा, खांद्यावरचा पदर, ओढणी, शर्टची कॉलर. निऱ्या आणि पायजमा हे लांबचे. त्यामुळे न जमणाऱ्या रंगाची एखादी साडी भेट आली, तर ती कपाटात कोंडून ठेवायचं कारण नाही. ब्लाउज आपल्या रंगाचा शिवा, पदर खांद्यावर नीट चापून बसवा, काम होतं. आपल्या जुन्या लुगड्यांना ठळक काठ-पदर आणि वेगळ्या रंगाची खणाची चोळी असायची. लुगडं कोणत्याही रंगाचं असलं तरी चेहऱ्याशेजारी हवा तो रंग आणण्याची सोय त्यात होती. आजची ‘सगळं मॅचिंग’ची हौस ती सोय घालवून बसली आहे.

पुरुष श्रोते एव्हाना दुसरं स्टेशन लावायच्या बेतात असतील. पण विषय त्यांचाही आहे. आपल्याकडच्या पुरुषांच्या कपाटात राखाडी, फिकट निळा आणि बिस्किटी या तीन रंगांचं राज्य असतं. यातला बिस्किटी रंग गव्हाळ चेहऱ्याच्या इतका जवळचा आहे, की चेहरा कुठे संपला आणि शर्ट कुठे सुरू झाला ते कळत नाही. त्याच माणसाने गडद निळा किंवा शुभ्र पांढरा शर्ट घातला, की लोक विचारतात, ‘काय, रजेवर जाऊन आलात वाटतं?’

आता थोडं वयाविषयी. केस पिकायला लागले, की चेहऱ्याभोवतीची काळी चौकट जाते आणि तिच्या जागी रुपेरी येते. म्हणजे शेजारच बदलतो. अशा वेळी वर सांगितलेली परीक्षा पुन्हा एकदा करावी. बरेचदा असं दिसतं, की धुरकट, मातकट, राखाडी रंगांत चेहरा आजारी वाटतो. आणि डाळिंबी, जांभळा, गडद हिरवा असे स्वच्छ रंग रुपेरी केसांखाली फार सुंदर दिसतात. आपला समाज मात्र याच वयात बाईला ‘आता वयाला शोभेलसं नेस’ म्हणून फिक्यात ढकलतो. तिचा नवरा गेलेला असेल तर विचारायलाच नको. वयाला काय शोभतं हे लोक सांगतात; चेहऱ्याला काय शोभतं हे आरसा सांगतो. आरशाचं ऐकलेलं बरं.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण केवळ नटण्याची हौस नाही. हौस असावीच, पण इथे प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्या देशात १९७५ साली गोरं करण्याचा दावा नावातच असलेलं एक क्रीम बाजारात आलं आणि घराघरांत गेलं. त्यातला ‘फेअर’ हा शब्द काढून नाव बदलायला २०२० साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने त्वचेच्या रंगावरून स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. त्याआधी २००९ साली चेन्नईतल्या एका संस्थेने ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू केली होती आणि पुढे अभिनेत्री नंदिता दास यांनी तिला आपला चेहरा आणि आवाज दिला. नावं बदलली, सोयी गेल्या, हे चांगलंच झालं. पण दुकानातलं ते वाक्य अजून गेलेलं नाही.

ज्या मुलीला आठव्या-दहाव्या वर्षापासून ‘हा रंग तुझा नाही’ असं ऐकावं लागतं, ती हळूहळू स्वतःच रंग सोडून देते. शाळेच्या गॅदरिंगला ती मागच्या रांगेत उभी राहते. फोटोत कडेला सरकते. पुढे स्वतः कमावती झाली तरी दुकानात गेल्यावर तिचा हात आपोआप बदामीकडे जातो आणि तिला वाटतं, की ही माझीच आवड. कपडा तिच्यासाठी आनंदाची वस्तू उरत नाही, तो झाकण होतो. आणि झाकण शोभावं तरी कसं?

कपड्याचं आणि चेहऱ्याचं जमवायचं, ते दोघांनाही मान देऊन जमवायचं. चेहऱ्यातलं वैगुण्य लपवायला कपडा घ्यायला निघालो, की रंग नेहमी भीतीने निवडला जातो. चेहऱ्यात जे आहे ते दिसावं म्हणून निघालो, की निवड मोकळी होते. मग सावळ्या मुलीला हळदी, डाळिंबी, मोरपंखी, शुभ्र पांढरा असा केवढा तरी खजिना मिळतो. आणि गोऱ्या मुलीलाही कळतं, की आपल्याला ‘काहीही शोभतं’ हे खरं नाही, आपल्यालाही निवडावं लागतं.

तेव्हा येत्या सणाला घरातल्या मुलीसाठी, सुनेसाठी किंवा आईसाठी कापड घ्यायला जाल, तेव्हा ‘हिला उजळ दिसेल असं दाखवा’ म्हणू नका. ‘हिला आवडतील ते चार रंग काढा’ म्हणा. ते चारही घेऊन तिच्यासह दारापाशी, स्वच्छ उजेडात या. एकेक रंग तिच्या हनुवटीखाली धरा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा. कोणता घ्यायचा, ते तिचा चेहराच सांगेल. बहुतेक वेळा तिने आधीच त्याच्यावर हात ठेवलेला असेल.